कॅरम पॉईंटवर नको, नियमानं खेळायचाय, जरा नीट सांगा

भडंगबहाद्दर (सांगली)
नमस्कार मंडळी. आमच्या अपार्टमेंटमध्ये गणपतीत कॅरमच्या मॅचेस ठेवायचं ठरलंय आणि बोर्ड माझा म्हणून मलाच पंच केलंय. आता आम्ही लहानपणापासनं खेळलो ते पॉईंटवर, काळी १०, पांढरी २०, राणी ५०, ज्याला जी दिसंल ती त्यानं मारायची, विषय संपला. इथं मात्र एकाच्या काळ्या, एकाच्या पांढऱ्या असं खेळायचं म्हणतात. राणी कधी घ्यायची, स्ट्रायकर गेला तर काय, अंगठ्यानं मारलेलं चालतं का, सगळ्यात गोंधळ आहे. त्यात वरच्या मजल्यावरचे काका म्हणतात रेघेच्या मागची सोंगटी डायरेक्ट मारायची नाही, आधी समोरच्या पट्टीला लावून यायचं. ते काका लै भांडतात ओ. आणि लहान पोरं पण आहेत, त्यांना बोट कसं धरायचं ते पण कुणीतरी सांगा.

कंदीपेढा (सातारा)
सांगतो, पण मोठं होणार. मांडणी आधी. राणी मधोमध, तिच्याभोवती सहा सोंगट्या एक पांढरी एक काळी अशा, त्याबाहेर बारा तशाच, पण आतल्या तीन पांढऱ्यांच्या पुढं बाहेरची पांढरीच आली पाहिजे म्हणजे पांढऱ्यांचा वाय दिसतो. ९ काळ्या, ९ पांढऱ्या, एक राणी, झाल्या १९. ब्रेक करणाऱ्याच्या, म्हणजे पहिला फटका मारून मांडणी फोडणाऱ्याच्या, पांढऱ्या. स्ट्रायकर दोन्ही रेघांना टेकलाच पाहिजे आणि टोकाच्या लाल गोलावर ठेवायचा तर गोल पूर्ण झाकायचा, नाहीतर त्याला शिवायचंच नाही, अर्धा वर अर्धा खाली हे बाद. यावर नजर ठेवा, निम्मी भांडणं इथंच होतात.
आपली सोंगटी गेली की परत आपणच मारायचं. समोरच्याची चुकून गेली तर ती गेली, त्याचा फायदा, आणि आपली पाळी संपली. राणी घ्यायला आधी आपली निदान एक सोंगटी गेलेली पाहिजे, आणि राणी गेल्यावर लगेच पुढच्या शॉटला आपली एक घालून कव्हर करायची. नाही झालं की राणी परत मधे. राणी आणि आपली सोंगटी एकाच शॉटमध्ये गेल्या तर कव्हर झालं, आधी कुठली पडली ते बघत बसू नका. आणि राणी बोर्डवर असताना आपली शेवटची घातली की बोर्ड, म्हणजे तो डाव, हरला. हे पोरांना दहादा सांगा, जिंकलो जिंकलो करून नाचायला लागतात आणि तिथंच रडारड.
स्ट्रायकर गेला की ड्यू, म्हणजे आपली आधी घातलेली एक सोंगटी बाहेर, ती समोरच्यानं मधल्या गोलात ठेवायची, आणि पाळी गेली. अजून एकही घातली नसंल तर ड्यू उधार, पहिली जाईल तेव्हा वसूल.
अंगठा चालतो, इंटरनॅशनल नियमात कुठल्याही बोटानं मारता येतं. मागची सोंगटी पण डायरेक्ट मारता येते, पुढं, आडवं, मागं, कुठंही. काकांना माझा नमस्कार सांगा.

खणभागातला
स्ट्रायकरबरोबर आपली सोंगटी पण गेली तर? आमच्याकडं ती सोंगटी अधिक एक दंडाची अशा दोन काढतात आणि पाळी जाते.

कंदीपेढा (सातारा)
दोन काढायच्या हे बरोबर, पण पाळी जात नाही, त्यानंच परत मारायचं. सोंगटी घातल्याचा हक्क राहतो असं समजा. गल्लीत ९० टक्के लोक पाळी काढून घेतात, मला माहितीय.

खणभागातला
मग आम्ही इतकी वर्षं काय खेळत होतो 😂 नाही पण मला गल्लीचा नियमच बरा वाटतो, दंड म्हणजे दंड. दोन सोंगट्या काढून परत त्यालाच मारू द्यायचं हे पटत नाही गड्या.

मिरजेची ताई
भांडा तुम्ही, मी पोरांचं सांगते. मुलं लांबनं बोट आणून टिचकी मारतात, त्यानं नख पण दुखतं आणि स्ट्रायकर पण वाकडा जातो. नख स्ट्रायकरला जवळजवळ चिकटलेलं पाहिजे, बाकीची बोटं बोर्डवर टेकवलेली, मनगट हलू द्यायचं नाही, आणि नुसतं ते एक बोट सरळ सोडायचं. तर्जनीनं मारा, मधल्या बोटानं मारा, ज्याचं त्याला जमतं ते, पण रोज बदलायचं नाही. मधलं बोट तर्जनीला अडकवून सोडणारे कात्रीवाले पण असतात, जोर छान बसतो पण लहान हातांना अवघड जातं. सुरवातीला एकच सोंगटी पॉकेटसमोर सरळ ठेवून हळू मारायला लावा. जोर नको. जोरात मारलेली सोंगटी पॉकेटच्या कडेला लागून परत बाहेर येते, तीच हळू मारली तर आत पडते. सरळ बसायला लागली की मग कट, म्हणजे सोंगटीच्या कडेला लावून तिरकी घालायची. रिबाउंड, म्हणजे पट्टीला लावून मारायचं, सगळ्यात शेवटी शिकवा, मुलांना तोच पहिला पाहिजे असतो.
आणि पावडर. टाल्कम टाकू नका, गोळे होतात आणि वास तेवढा दरवळतो. बोरिक पावडर घ्या, अगदी चिमूटभर, फडक्यानं पसरा. ती पोटात जाता कामा नये, त्यामुळं हात धुतल्याशिवाय प्रसादाला हात लावू द्यायचा नाही, हे पंचांनी बघावं 🙂

भडंगबहाद्दर (सांगली)
ताई, कंदीपेढासाहेब, लै उपकार. काकांना मागच्या सोंगटीचं दाखवलं, ते म्हणाले मोबाईलवर काय पण लिहितात. बरं अजून एक, बोर्ड जरा फुगलाय एका कोपऱ्यात, २०१९ च्या पुरात खालच्या खोलीत होता. सोंगटी त्या बाजूला गेली की आपोआप वळते. चालंल का?

कंदीपेढा (सातारा)
नाही चालणार. प्लायवूडनं पाणी प्यालं की ते परत पहिल्यासारखं बसत नाही. त्यावर पोरांना प्रॅक्टिस करू दे, मॅचला दुसरा बघा, कुणाच्या तरी माळ्यावर असतोच. खेळायची जागा साधारण ७४ सेंटीमीटर चौरस पाहिजे, मुलांचा छोटा बोर्ड आणू नका. स्ट्रायकर पण बघून घ्या, १५ ग्रॅमच्या वर चालत नाही, काही लोक घरनं जाडजूड आणतात आणि एका फटक्यात ब्रेक उधळतात. सगळ्यांना एकच स्ट्रायकर द्या, म्हणजे प्रश्नच मिटला.

विश्रामबागवाला
मार्क कसे धरायचे ते कुणी सांगितलंच नाही. बोर्ड जिंकला त्याला समोरच्याच्या जेवढ्या सोंगट्या उरल्या तेवढे पॉईंट, आणि राणी त्यानंच कव्हर केली असली तर ३ जास्त. हरणाऱ्यानं राणी घेतली असंल तर तिचे कुणालाच नाहीत. २५ झाले की गेम, नाहीतर ८ बोर्डांनंतर जो पुढं असंल तो. मात्र २२ ला पोचलेल्याला राणीचे ३ मिळत नाहीत, हे लिहून भिंतीला लावा. खऱ्या स्पर्धेत तीनपैकी दोन गेम असतात पण अपार्टमेंटमध्ये तसं केलं तर अनंत चतुर्दशीपर्यंत पहिली फेरी संपायची नाही. आम्ही चार बोर्डांची मॅच ठेवतो, बरोबरी झाली की एक जादा. फायनल तेवढी पूर्ण २५ ची.

खणभागातला
आणि खेळताना बुड उचलायचं नाही, खुर्ची सरकवायची नाही. काकांवर लक्ष ठेवा. डबल्स ठेवणार असाल तर जोडीदार समोरासमोर बसवा आणि "तिकडनं मार, तिकडनं मार" ही कुजबुज बंद म्हणून आधीच सांगा, नवरा-बायकोच्या जोड्यांना विशेष.

भडंगबहाद्दर (सांगली)
दुसरा बोर्ड मिळाला, काकांच्याच माळ्यावर निघाला. ते म्हणतात माझा बोर्ड तर माझा नियम. आता काय करू?

मिरजेची ताई
काकांना पंच करा आणि तुम्ही खेळा.