हनीकोम्ब टॉवेलच्या टोकांना झालर येते, काय करू?

कृष्णावेण्णा, सातारा

नमस्कार मंडळी. माझं माहेर विट्याचं. वडील खड्डामागावर पंचे विणायचे, कांड्या भरायचं काम आम्हा बहिणींकडे. पुढे घरातला माग गेला. गेल्या वर्षी मी चार वह्यांचा (उभे धागे वरखाली उचलणाऱ्या चौकटींचा), सहा पावड्यांचा (पायाने दाबायच्या पट्ट्यांचा) लाकडी चौकटीचा माग घेतला आणि टॉवेल विणायला बसले. हनीकोम्बच, म्हणजे मधाच्या पोळ्यासारखी खणाखणांची वीण का, तर सातारच्या पावसात टर्किश टॉवेल दोन-दोन दिवस दमट राहतो. हा लवकर वाळतो आणि पाणीही चांगलं टिपतो.

सूत दोन-वीस, म्हणजे २० नंबरचं दुपदरी. फणी ३६ ची, म्हणजे इंचाला १८ घरं, घरात दोन तारा (उभे धागे). रुंदी २४ इंच, एकूण ८६४ तारा. वह्यांत ओवणी १-२-३-४-३-२, म्हणजे सहा तारांचा एक खण, रुंदीत १४४ खण. दोन्ही टोकांना दुमडून शिवायला दीड इंच साधी वीण ठेवली.

मागावर कापड अगदी सपाट होतं. गरम पाण्यात धुतल्यावर खण छान खोल उठले आणि रुंदी साडेअठरावर आली. पण टोकाची साधी वीण एकवीसवरच राहिली! टॉवेलला दोन्हीकडून परकराला लावावी तशी झालर. चार टॉवेल असेच झाले. दुसरं, काठाची शेवटची तार आडव्या सुतात धरलीच जात नाही, सुटी लोंबते.

मागवाला, विटा

ताई, विट्याच्या आहात म्हणून आनंद वाटला. आमच्याकडे आता सगळे यंत्रमाग, पण वीण तीच.

साध्या विणीत प्रत्येक तार पुढच्याच पिकाला (आडव्या सुताच्या फेरीला) खालीवर होते, त्यामुळे तारांना सरकायला जागा नसते. हनीकोम्बमध्ये तारा लांबपर्यंत मोकळ्या पडतात. ताण सुटला, पाणी लागलं की त्या आकसतात आणि खणाच्या कडा वर येतात. खण उठतो तोच आटण्यामुळे, म्हणून आटणं थांबवू नका. टोकाला आडवं सूत एकेरी २० चं घालून बघा. झालर कमी होईल, पूर्ण जाणार नाही.

काठासाठी दोन्ही बाजूंना एक-एक जादा तार घ्या. ती वहीत ओवू नका, नुसती फणीतून काढा. धोटा (आडवं सूत नेणारा) आत जाताना तिच्यावरून, बाहेर येताना तिच्याखालून. काठाला साध्या विणीची पट्टी मात्र अजिबात नको, तिथेही लाटा येतील.

पीक किती पडतात?

कृष्णावेण्णा, सातारा

इंचाला ३०.

मागवाला, विटा

मग खण लांबट येत असणार. ३६ तारांना ३६ पीक हवेत, तरच खण चौकोनी. ठोका जोरात नको, पण प्रत्येक वेळी सारखा हवा.

सोलापूरची लेक, सांगली

ताई, दुमडून शिवायचंच कशाला? पंच्याला असतात तशा दशा सोडा. दोन टॉवेलांच्या मध्ये सहा-सात इंच ताणा (मागावरचे उभे धागे) रिकामा ठेवा. टोकाला चार-पाच पीक एकेरी सुताचे घाला आणि माग सोडायच्या आधीच दोरा घालून टाके बांधा. मग आठ तारांच्या दोन जुड्या एकाच दिशेने वेगवेगळ्या पिळायच्या, दोन्ही मिळून उलट पिळायच्या आणि खाली गाठ.

शिवायचीच हौस असेल तर टोकालाही हनीकोम्बच विणा, आधी धुवा, मग अरुंद दुमडा. जाड होतं, पण झालर येत नाही.

आणि कळकळीने सांगते, इस्त्री फिरवू नका, खण चपटे होतात. कपडे मऊ करायचं ते द्रावणही नको. सुतावर त्याचा थर बसतो आणि टॉवेल पाणी टिपेनासा होतो.

कृष्णावेण्णा, सातारा

ताण्यावर एका टॉवेलापुरतं उरलं होतं, त्यावर दशा सोडून पाहिल्या. जादा तार आता आठवली म्हणून दोन्ही बाजूंना वेगळी बांधून, खाली वजन लोंबकळत ठेवून लावली. काठ सरळ आला. धुतल्यावर टोक आणि मधला भाग, दोन्ही साडेअठरा.

दशा पिळायला बसले तर हात आपोआप मांडीवर गेला. वडील तशाच पिळायचे, धोतर गुडघ्यापर्यंत सारून, आणि आम्ही गाठी मारायचो. सोळा-सोळा तारांची एक याप्रमाणे एका टोकाला ५४ दशा झाल्या. संध्याकाळ गेली, पण एकही सैल नाही.

पीक अजून ३३ च पडले. नवा ताणा सोमवारी चढवते, तेव्हा दर दोन इंचांना मोजत जाईन.