आजोबांचा फणस पडला, फळ्या घरीच काढू का?

राजापूरकडच्या घरामागचा फणस पावसात आडवा झाला. बुंधा 22 इंच रुंद. 50 सीसीचा चेनसॉ आहे, अलास्कन मिल (चेनसॉला बसवून ओंडक्याच्या फळ्या काढायची चौकट) घ्यायचा विचार आहे. आजोबांनी लावलेलं झाड; त्याचंच देवघर व्हावं असं फार वाटतं.

— 50 सीसी दमेल हो. एवढ्या रुंदीला 70 च्या वर हवं. रिपिंग चेन (लाकूड रेषांच्या दिशेने उभं चिरायची साखळी) घ्या, दात 10 अंशांत घासलेले. नेहमीच्या 30 अंशांच्या चेनने फळी खरबरीत निघते.

— आधी वनखात्यात विचारा. 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत फणस आहे.

— ओंडक्याच्या टोकांना आजच रंग फासा, नाहीतर चिरा पडतील. फळ्यांमध्ये पट्ट्या घालून सावलीत रचा. सुकायला जाडीच्या दर इंचाला साधारण वर्ष धरा.

— रंग संध्याकाळीच लावतो. चेनसॉ मामेभावाकडे मोठा आहे.