फायनाइट एलिमेंट : सांत घटक की परिमित घटक?

मांडवीकाठ : फोंड्याला शाळेत पुलांवर मराठीतून बोलायचंय, अटल सेतू केबलवर कसा तोललाय वगैरे, आणि ‘फायनाइट एलिमेंट मेथड’पाशी अडकलोय, म्हणजे पूल वा स्लॅब छोट्या तुकड्यांत (एलिमेंट) विभागून हिशोब करायची पद्धत. फायनाइट म्हणजे सांत, मग ‘सांत घटक पद्धत’ लिहू का? पण आपल्या गोव्यात सांत म्हणजे संत, ते म्हटलं की पोरं थेट गोंयच्या सायबाच्या, सेंट झेवियरच्या, फेस्ताला पोचणार.

फर्मागुडीवाला : सांत नकोच, आणि ते फेस्तामुळे नव्हे. स + अंत, मोजून संपणारं. सांत संच म्हणतो ते संख्येबद्दल. इथे मुद्दा आकाराचा आहे, कॅल्क्युलसमध्ये डीएक्स, म्हणजे लांबीचा तुकडा, इतका बारीक घेतो की त्याला माप म्हणून उरतच नाही, आणि ह्या पद्धतीतला तुकडा त्याच्या बरोब्बर उलट, पट्टी लावून मोजता येणारा. इंजिनियर क्लफने १९६० च्या पेपरात हे नाव दिलं त्यातली गंमत हीच. म्हणून परिमित. ‘मितभाषी’तला मित तोच, मापलेला.

निवृत्त_ओव्हरसियर : पण बाब, संख्यासुद्धा आटोक्यात येतेच ना? स्लॅबमध्ये बिंदू अनंत, प्रत्येक किती खाली गेला ते कोण काढत बसणार, म्हणून नोडवर, तुकडे जुळतात त्या बिंदूंवर, तेवढा हिशोब मांडायचा आणि मधलं अंदाजाने भरायचं. मग सांत अगदीच चूक कसं? आमच्या वेळी यातलं काही नव्हतं हां, हार्डी क्रॉसचं १९३० चं मोमेंट डिस्ट्रिब्युशन, पेन्सिल आणि खोडरबर. जॉइंटला उरलेला मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, वाटायचा, त्यातला अर्धा पलीकडच्या टोकाला ढकलायचा, परत वाटायचा, संध्याकाळपर्यंत हेच.

फर्मागुडीवाला : काका, मान्य, दोन्ही आहे. पण सांतने अर्धीच गोष्ट सांगितली जाते. तशी पद्धत नावापेक्षा जुनी. ह्रेनिकॉफने १९४१ मध्ये सलग प्लेटच्या जागी सळयांची जाळी धरली, कुरांटने १९४३ च्या पेपरात पिळाच्या गणिताला त्रिकोण वापरले, पण कॉम्प्युटर नाही तर एवढी समीकरणं सोडवणार कोण! मग बोइंगमध्ये विमानाचे पंख असे आले की साधा बीम धरून उत्तर जुळेना, त्यातून टर्नर, क्लफ, मार्टिन, टॉप यांचा १९५६ चा पेपर. त्रिकोणी तुकडे त्यात आहेत, नाव नाही.

चिरेबंदी : एलिमेंटला ‘चिरा’ म्हणा की, जांभ्याची भिंत पोरांना लगेच दिसेल.

साईटवरची : चिरे सगळे एका मापाचे असतात रे. इथे भोकाजवळ, कोपऱ्यात, जिथे स्ट्रेस चढतो तिथे तुकडे बारीक लागतात. आणि खरं सांगू, ऑफिसात घटकबिटक कोणी म्हणत नाही, ‘मेश (तुकड्यांची जाळी) बारीक कर नि रन मार’, संपलं.

मांडवीकाठ : बरं, परिमित घटक लिहितो, तोंडाने फायनाइट एलिमेंटच म्हणेन. आणि नोडला? सांधा?

साईटवरची : गाठ म्हण. सांधा म्हणजे जॉइंट, तो पुलात खरोखरचा असतो. नोड सलग स्लॅबच्या मधोमधही येतो, तिथे सांधा कुठला?