मदत हवी आहे: स्तोत्र ९१ मुलीला कसं समजावू?

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. मी सोलापूरची. मिस्टर ट्रक चालवतात, रात्रीची पुणे हायवेची खेप असते. ते निघाले की सासूबाई दारातच बायबलमधलं, देव सांभाळील असं वचन देणारं स्तोत्र ९१ म्हणतात, मग त्यांच्या डोक्यावर हात ठेवतात. टेंभुर्णी ओलांडल्याचा फोन येईपर्यंत मला झोप लागत नाही.

गेल्या महिन्यात त्यांच्या जोडीचे एक ड्रायव्हर अपघातात गेले. तेही विश्वासी, प्रार्थना केल्याशिवाय गाडीला किल्ली लावायचे नाहीत. तेव्हापासून आठवीतली मुलगी विचारते, "आई, हजारो पडले तरी तुला काही होणार नाही असं लिहिलंय ना? मग काकांना का झालं?"

मी वाचत बसले. प्रेषितांची कृत्ये १२ मध्ये येशूचा शिष्य याकोब तलवारीने मारला जातो आणि दुसरा शिष्य पेत्र, त्याला देवदूत तुरुंगातून बाहेर काढतो. एकाच अध्यायात! मत्तय ४ मध्ये तर सैतानच हे स्तोत्र म्हणून येशूला मंदिराच्या शिरोभागावरून उडी मारायला सांगतो. म्हणजे हा विमा नाही, एवढं कळलं. दानीएल ३ मध्ये मूर्तीला नमन करत नाहीत म्हणून ज्यांना अग्नीच्या भट्टीत टाकायची धमकी मिळते, त्या तिघांचं "देवाने सोडवलं नाही तरी नमन करणार नाही" हे मला जास्त खरं वाटतं. पण तेरा वर्षांच्या पोरीला ते कसं सांगू?

तुमच्या घरात असं घडलं असेल तर मुलांना काय सांगितलंत? आणि रात्री एकत्र प्रार्थना करताना नेमकं काय मागता? सासूबाईंचं मन न दुखवता सुचवा. आज रात्रीही गाडी निघणार आहे.