कोनाची आयर्नमॅन पहिल्यापासून तिथेच?

पळपुट्या: हवाईच्या कैलुआ-कोनात आयर्नमॅन (पोहणं, सायकल न पळणं सलग करायची रेस) होते ना दरवर्षी, ती सुरुवातीपासून तिथेच का? कोणाला माहितीये का नीट

चाकवेडी: नाही रे, 1978 ला हवाईच्याच ओआहू बेटावर सुरू झाली, नेव्हीतल्या जॉन कॉलिन्सने तिथली पोहण्याची, सायकलची न मॅरेथॉनची रेस एकाला एक जोडली, 15 जण उतरले, 12 पोचले. दुसऱ्या आलेल्या डनबारचं पळताना पाणी संपलं तर सोबतच्यांनी बिअर पाजली म्हणे, धन्य मंडळी! मग तिथल्या होनोलुलू शहराच्या ट्रॅफिकला कंटाळून 1981 ला कोनात नेली

समुद्रकाका: पण खरं नाव झालं 1982 ला. ज्युली मॉस फिनिशच्या तोंडाशी कोसळली, बायकांतला पहिला नंबर हातचा गेला तरी रांगत रांगत लाइन गाठली पोरीने, टीव्हीवर ते बघून लोक खुळावले

पळपुट्या: बिअरवर मॅरेथॉन, बाबो 😂