कार्कासोन: डाव निम्म्यावर येतो तोच सोंगट्या संपतात

प्रश्न:
टाइलला टाइल जोडून नगरे आणि रस्ते रचायचा कार्कासोन हा खेळ मी नुकताच शिकू लागलो आहे आणि चारही डाव हरलो आहे. निम्म्या टाइल्स उरलेल्या असतानाच माझ्या सातही सोंगट्या पटावर अडकतात आणि पुढे नुसत्या टाइल्स मांडत बसावे लागते. काल तर माझ्या मोठ्या नगरापासून एक घर सोडून समोरच्या भिडूने नगराचा तुकडा मांडला, त्यावर आपली सोंगटी उभी केली आणि पुढच्या खेळीत मधली टाइल बसवून दोन्ही जोडले. नऊ टाइल्सच्या त्या नगराचे अठरा गुण दोघांनाही मिळाले. व्यापलेल्या नगरात दुसऱ्याला सोंगटी ठेवता येत नसताना हे नियमात बसते का?

उत्तर १:
बसते. त्याने सोंगटी ठेवली तेव्हा तो तुकडा आपल्या नगराला जोडलेला नव्हता, आणि नियम तेवढेच पाहतो. जोडणीनंतर ज्याच्या सोंगट्या जास्त, त्याला सर्व गुण. बरोबरी झाल्यास दोघांनाही पूर्ण. आपणही त्याच रीतीने दुसरी सोंगटी आत आणली असती, तर त्याच्या हाती काहीच लागले नसते. तेवढा अवधी नसेल, तर मधल्या घराशेजारी अशी टाइल मांडावी की तिथे दुर्मीळ टाइलच बसेल. तीन बाजूंना नगर आणि चौथीला रस्ता असलेल्या टाइल्स मूळ संचात अवघ्या तीन आहेत. त्या येऊन गेल्या असतील, तर ते घर रिकामेच राहते. मात्र त्यामुळे आपलेही नगर अपूर्ण राहून टाइलमागे एकच गुण मिळतो, हे धरून चालावे.

उत्तर २:
खरी अडचण सोंगट्यांची दिसते. एकूण ७२ टाइल्सपैकी एक आरंभी पटावर असते, म्हणजे दोघांच्या डावात प्रत्येकाला सुमारे पस्तीस खेळ्या मिळतात आणि सोंगट्या सातच. त्या परत येत राहिल्या तरच निभाव लागतो. दोन टाइल्सचे नगर पूर्ण केले की चार गुण आणि सोंगटी लगेच हातात (जुन्या नियमांत दोनच गुण होते, पण सोंगटी तेव्हाही सुटत असे). आणखी एक गोष्ट नवख्यांच्या ध्यानात येत नाही: आधी टाइल, मग सोंगटी, शेवटी गुण, असा क्रम असल्यामुळे या खेळीत सुटलेली सोंगटी याच टाइलवर ठेवता येत नाही. म्हणून एक सोंगटी नेहमी हातात राखावी. आपण कुरणात शेतकरी म्हणून किती सोंगट्या आडव्या झोपवता?

प्रश्नकर्ता:
तीन, आणि तेही पहिल्या दहा खेळ्यांत.

उत्तर २:
मग हिशेब लागला. शेतकरी डाव संपेपर्यंत उठत नाही, त्यामुळे आपण बहुतेक डाव चारच सोंगट्यांवर खेळत होता. कुरणाला लागून असलेल्या प्रत्येक पूर्ण नगराचे तीन गुण शेवटी मिळतात, हे खरे. पण आरंभी तिथे नगरे कुठे असतात? दोन-तीन पूर्ण झालेली दिसली की एक शेतकरी ठेवावा.