जोशुआ ट्री उद्यानात आईबाबांसह तंबूत दोन रात्री : कोणते कॅम्पग्राउंड घ्यावे?

पडवी (प्रश्न)

नमस्कार. आम्ही दक्षिण कॅलिफोर्नियात अर्व्हाइन येथे राहतो. माझे आईबाबा साताऱ्याहून आमच्याकडे आले असून, नोव्हेंबरच्या अखेरीस त्यांना आणि आमच्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानात तंबूत दोन रात्री राहण्याचा आमचा बेत आहे. छायाचित्रे पाहून माझे मन जम्बो रॉक्स कॅम्पग्राउंडवर बसले आहे. मात्र तेथे पाण्याचा नळ नाही, असे वाचल्यापासून मी थोडी साशंक झाले आहे. आईचे गुडघे दुखतात आणि रात्री तिला दोनदा तरी उठावे लागते. अशा वेळी पाणी किती न्यावे, थंडी कितपत असेल आणि मुळात जागा कोणती निवडावी, हे जाणकारांनी सांगावे.

वाटाड्या

तुम्ही शेवटी विचारलेला प्रश्न खरे तर पहिला आहे. जम्बो रॉक्स येथे १२४ जागा आहेत आणि महाकाय गोल खडकांच्या कुशीत तंबू लावण्याचे सुख तेथेच आहे, यात शंका नाही. पण पाणी नाही आणि शौचालये खड्ड्याची, फ्लश नसलेली. नळाचे पाणी आणि फ्लशची शौचालये या दोन्ही सोयी हव्या असतील, तर ब्लॅक रॉक आणि कॉटनवुड या दोनच कॅम्पग्राउंडांचा विचार करावा लागेल.

यांपैकी कॉटनवुड उद्यानाच्या दक्षिण टोकाला, सुमारे ३,००० फुटांवर आहे. तो कोलोरॅडो वाळवंटाचा भाग असल्यामुळे ज्या झाडावरून उद्यानाला नाव मिळाले, ते झाडच तेथे दिसत नाही. आईबाबांना इतक्या दूर नेऊन तेवढेच दाखवायचे राहिले, तर काय उपयोग? ब्लॅक रॉक मात्र सुमारे ४,००० फुटांवर, जोशुआच्या दाट झाडीतच आहे आणि युक्का व्हॅली गावातील दुकानेही जवळ आहेत. अडचण एवढीच की तेथून उद्यानाच्या मध्यभागाकडे जाणारा मोटाररस्ता नाही. पुन्हा खाली महामार्गावर उतरून पश्चिम प्रवेशद्वाराने आत यावे लागते आणि मोठे खडक पाहायला जाण्यात पाऊण तास सहज जातो.

पाण्याचा हिशेब असा : प्रत्येक माणसामागे दिवसाला किमान एक गॅलन, म्हणजे सुमारे पावणेचार लिटर. पाच माणसे आणि तीन दिवस धरले, तर पंधरा गॅलन होतात; भांडी आणि हात धुण्याचे पाणी वेगळे. ब्लॅक रॉकला राहिलात तर हे ओझे टळते, पण दिवसभर फिरायला निघताना गाडीत भरलेला कॅन असलाच पाहिजे, कारण उद्यानाच्या आतल्या भागात ना दुकान आहे ना पेट्रोलपंप, आणि मोबाइललाही बहुतेक ठिकाणी रेंज मिळत नाही.

निवडुंग

वाटाड्या यांच्याशी मी सहमत आहे. मात्र थंडीबद्दल कोणी बोललेले नाही, म्हणून लिहितो. तुमचे आईबाबा साताऱ्याचे आहेत, तेव्हा त्यांना समजेल असे सांगायचे तर जम्बो रॉक्सची उंची जवळजवळ महाबळेश्वरएवढी आहे. फरक हवेचा आहे. येथील कोरड्या हवेत दिवसाची ऊब सूर्य मावळताच निघून जाते. दुपारी अंगात साधा सदरा पुरतो आणि पहाटे तापमान शून्याच्या आसपास येऊ शकते. त्यातच नोव्हेंबरच्या अखेरीस पावणेपाचच्या आतच सूर्यास्त होतो, म्हणजे जेवण आटोपले तरी पुढे दहा-अकरा तासांची रात्र उरते. माझ्या अनुभवात वडीलधाऱ्यांना थंडीपेक्षा ही लांबच लांब रात्र जड जाते. जमिनीवर पातळ चटई न घालता जाड गादी किंवा घडीची खाट न्यावी, शून्याखालच्या थंडीसाठीच्या स्लीपिंग बॅगा घ्याव्यात आणि आईंसाठी डोक्याला बांधायचा दिवा जरूर ठेवावा. तंबूची जागा शौचालयाजवळची निवडणे शोभेचे नसले, तरी शहाणपणाचे आहे.

आरक्षण सहा महिने आधीपासून सुरू होते आणि त्या आठवड्यात थँक्सगिव्हिंगची सुटी येत असल्याने ब्लॅक रॉकच्या जागाही भरलेल्या असू शकतात. बेत एक-दोन आठवडे मागे-पुढे करता आला, तर करावा.

ओसरीवरची आजी

दोन-तीन लहान गोष्टी. उद्यानात पडलेली काटकीसुद्धा गोळा करण्यास मनाई आहे. सरपण बाहेरून आणावे आणि विस्तव ठरवून दिलेल्या लोखंडी कड्यातच पेटवावा. चुलीच्या भरवशावर न राहता गॅसची शेगडी न्यावी. वाऱ्यात ज्योत टिकत नाही, म्हणून आडोसाही न्यावा. पहिल्या रात्री स्वयंपाक न करता तिखटमिठाच्या पुऱ्या आणि दशम्या घरूनच नेणे बरे. उरलेले अन्न तंबूत न ठेवता गाडीत बंद करावे, कारण कोल्ह्यासारखे दिसणारे कायोटी वासावर येतात. चोला निवडुंगाची बाग पाहायला गेलात, तर नातवाचा हात सोडू नका. त्याची बोंडे नुसत्या स्पर्शाने अंगाला चिकटतात. पर्समध्ये एक कंगवा ठेवा, बोंड कातडीवरून उपसून काढायला त्याच्याइतके सोयीचे साधन नाही.

पडवी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आईला महाबळेश्वरची तुलना सांगताच तिने लगेच कानटोपी आणि लोकरी मोजे काढून ठेवले. आता ब्लॅक रॉक नक्की करते आहे. एक शंका उरते : बाबांना आकाशगंगा पाहायची आहे, ब्लॅक रॉकवरून ती दिसेल का?

वाटाड्या

ब्लॅक रॉकवर युक्का व्हॅलीच्या दिव्यांचा उजेड येतो, त्यामुळे तारे दिसतील, पण पूर्ण अंधार मिळणार नाही. आकाशगंगेचा सर्वांत तेजस्वी पट्टा उन्हाळ्यातला. नोव्हेंबरात तिचा फिकट भाग डोक्यावर असतो आणि त्यासाठी खरा काळोख हवा. कालनिर्णय उघडून अमावास्येच्या जवळच्या तिथी निवडा. एका संध्याकाळी थर्मासमध्ये चहा भरून उद्यानाच्या मध्यभागी, शक्यतो पूर्वेकडच्या पिंटो बेसिन रस्त्यावरील वाहनतळावर जा, गाडीचे दिवे विझवा आणि डोळे काळोखाला सरावण्यासाठी वीस-पंचवीस मिनिटे थांबा. सूर्यास्त लवकर होत असल्याने सात वाजेपर्यंत सगळे पाहून झालेले असेल आणि आईंना झोपायला परत आणता येईल.